शब्द शेवटच्या रांगेपर्यंत : चित्रपटगृहातील ध्वनिमांडणीच्या अभ्यासाला प्रस्तावना

‘शोले’ १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हामध्ये लागला. त्याच्या ७० मिलिमीटरच्या प्रतीवर सहा चुंबकीय ध्वनिपट्ट्या होत्या. पाच पट्ट्यांचा आवाज पडद्यामागून येई आणि सहावीचा प्रेक्षागृहाच्या भिंतींवरून. नाणे पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकून पाहत, अशी आठवण त्या काळचे प्रेक्षक सांगतात. तालुक्याच्या गावांना हाच चित्रपट पोचला तो मात्र ३५ मिलिमीटरच्या प्रतीवर, एकाच प्रकाशीय ध्वनिपट्टीसह. संवाद तेच, संगीत तेच. तरीही खानदेशातल्या प्रेक्षकाने ऐकलेला ‘शोले’ आणि मिनर्व्हात ऐकलेला ‘शोले’ यांत मोठे अंतर होते. ते अंतर प्रतीतच छापलेले असल्यामुळे इथल्या थिएटरवाल्याला त्यावर काही करता येत नव्हते.

आज तशी स्थिती नाही. २००५ नंतर उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवरून सिनेमा येऊ लागला आणि रिळांच्या पेट्या मागे पडल्या. डीसीपी म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज मुंबईच्या मल्टिप्लेक्सला जे मिळते तेच लहान गावालाही मिळू शकते. ध्वनी २४ बिटचा, सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा, दाबून लहान न केलेला. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांच्यासारखे ध्वनिमिश्रक ज्या बारकाव्यांसाठी रात्री जागवत, ते सारे बारकावे आता फाइलमध्ये शाबूत येतात. पूर्वी अंतर प्रतीमुळे पडत असे. आता ते पडत असेल तर ते सभागृहात पडते, म्हणजे ते भरून काढणेही सभागृहातच शक्य आहे. या विषयाकडे नव्याने येणाऱ्या खानदेशातल्या तरुणांना सर्वांत आधी हीच गोष्ट सांगावीशी वाटते. सिनेमाच्या आवाजावर शेवटचा हात फिरतो तो चॅनेलची जोडणी करणाऱ्याचा आणि खालचे-वरचे स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर लावणाऱ्याचा.

खानदेशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या पुष्कळ घरांत अहिराणी बोलतात. तापी ओलांडून शिरपूर-शहाद्याकडे गेले की भिली, पावरी, गुजरी कानावर पडते. या घरांतला माणूस थिएटरात बसतो तेव्हा पडद्यावरची भाषा हिंदी किंवा प्रमाण मराठी असते. ती त्याला उत्तम कळते, पण ती त्याची घरची बोली नव्हे. श्रवणशास्त्राने वारंवार तपासलेली गोष्ट अशी की गोंगाटात किंवा घुमणाऱ्या खोलीत शब्द आधी निसटतो तो मागाहून शिकलेल्या भाषेतला. मायबोलीत कान अर्धवट ऐकलेला शब्द पुरा करून घेतो. दुसऱ्या भाषेत तेवढी सवड मिळत नाही. त्यामुळे पुण्यातल्या सभागृहात जो धूसरपणा खपून जातो, तोच दोंडाईचा-शिंदखेड्याच्या प्रेक्षकाला अख्ख्या विनोदाला मुकवतो. इथल्या सभागृहाची ध्वनिमांडणी मोठ्या शहराइतकी नव्हे, त्याहून काटेकोर हवी, असे माझे ठाम मत आहे आणि पुढचे सारे विवेचन त्याच मतावर उभे आहे.

या अभ्यासाला खानदेशात कोऱ्या पाटीने सुरुवात करावी लागत नाही. लग्नाच्या वरातीत, कानबाईच्या मिरवणुकीत, सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत लाउडस्पीकर हाताळणारी मुले गावोगाव आहेत. ‘बेस’ वेगळा आणि ‘टॉप’ वेगळा असतो, दोघांना वेगवेगळे अ‍ॅम्प्लिफायर लागतात, मधल्या क्रॉसओव्हरची खुंटी चुकीकडे फिरली तर टॉपचा डायफ्रॅम जळतो, हे त्यांनी पैसे मोजून शिकलेले ज्ञान आहे. सिनेमाच्या ध्वनीतली निम्मी यंत्रसामग्री त्यांच्या ओळखीची असते. बदलायचे असते ते साध्य. वरातीत समोर नाचणाऱ्या पन्नास-शंभर जणांच्या छातीत ठोका बसला की काम झाले. चित्रपटगृहात चारशे जण वेगवेगळ्या जागी स्थिर बसलेले असतात आणि प्रत्येकाला कुजबुजलेला शब्दही कळावा लागतो. जत्रेच्या तंबूतल्या सिनेमात एकच भोंगा असे आणि तो कर्कशही असे. पण भोंग्याची सारी ताकद माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यातच एकवटलेली असल्याने संवाद तंबूच्या मागच्या दोरीपर्यंत जात. नवी, महागडी यंत्रणा बसवल्यावर तेवढेही साधले नाही तर दोष यंत्राचा क्वचितच असतो.

आता चॅनेलकडे वळू. पडद्यामागे तीन स्पीकर का? डाव्या-उजव्या दोघांत भागले नसते का? या प्रश्नाचे उत्तर १९३० च्या दशकातच शोधले गेले. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओचे पेटंट मागितले. पडद्यावर नट एकीकडे आणि त्याचा आवाज भलतीकडून, ही गोष्ट त्यांना सिनेमा पाहताना खटकली होती, असे सांगतात. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या हार्वी फ्लेचर यांच्या गटाने २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात आणून ऐकवला, तोही तीन चॅनेलवर. तीनच का, याचे कारण साधे आहे. दोन स्पीकरमधून सारखाच आवाज आला तर तो मधूनच आल्याचा भास होतो. पण हा भास बरोबर मधोमध बसलेल्यालाच होतो. चार खुर्च्या डावीकडे सरका, की डाव्या स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद आधी पोचतो आणि सगळा आवाज तिकडेच खेचला जातो. घरच्या टीव्हीसमोर दोघेतिघे बसतात, तिथे दोन स्पीकर पुरतात. सभागृहात खराखुरा मधला स्पीकर लागतोच, आणि चित्रपटाचे जवळजवळ सारे संवाद त्या एकट्याच्या वाट्याला येतात. ज्या थिएटरचे मधले चॅनेल चांगले त्या थिएटरचा आवाज चांगला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

चॅनेलच्या संख्येचा इतिहास लांब आहे. तो इथे धावता सांगतो. १९५३ च्या सिनेमास्कोपमध्ये चार चुंबकीय पट्ट्या, ७० मिलिमीटरमध्ये सहा. १९७० च्या दशकातल्या डॉल्बी स्टिरिओने दोनच प्रकाशीय पट्ट्यांत चार चॅनेल गुंफून दाखवली : दोन्हींत सारखे असेल ते मधे, दोन्हींतला फरक असेल तो भिंतींवर. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटलने प्रतीच्या भोकांमधल्या रिकाम्या जागेत अंकीय ठिपके छापले आणि ५.१, म्हणजे पाच पूर्ण आणि एक खर्जाचे, अशी चॅनेल सुटी केली. पुढच्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस आले. २०१० मध्ये ७.१ आणि २०१२ मध्ये छतावरूनही बोलणारे अ‍ॅटमॉस आले, ज्यात ६४ पर्यंत स्पीकर स्वतंत्रपणे चालवता येतात. यांतले शेवटचे दोन टप्पे तालुक्याच्या सभागृहाने आज दूर ठेवले तरी चालेल. ५.१ नीट लागलेले सभागृह हे अर्धवट लागलेल्या अ‍ॅटमॉसपेक्षा शतपटीने चांगले.

५.१ मध्ये चुका होतात त्या बहुधा क्रमाच्या. डीसीपीत चॅनेलचा नेहमीचा क्रम डावे, उजवे, मधले, एलएफई म्हणजे खोल खर्जाचे, मग भिंतींवरचे डावे सराउंड आणि उजवे सराउंड असा असतो. अंकीय केबलमध्ये ही चॅनेल दोनदोनच्या जोडीने जातात : डावे-उजवे एका जोडीत, मधले आणि खर्ज दुसऱ्या जोडीत, दोन्ही सराउंड तिसऱ्या जोडीत. मात्र फिल्मच्या काळात वाढलेल्या कारागिराच्या डोक्यात पडद्याचा क्रम डावे, मधले, उजवे असाच बसलेला असतो. त्या सवयीने रॅकमधल्या तारा जोडल्या, की नायक मधे उभा राहून उजव्या कोपऱ्यातून बोलतो. एक जोडी सरकली तर संवाद सराउंडमधून येतात. गंमत अशी की गाणी आणि मारामारी सुरू असेपर्यंत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, इतका सगळीकडून आवाज येत असतो. म्हणून प्रत्येक चॅनेल एकेकटे वाजवून, त्याच्यापाशी जाऊन ऐकावे. ज्या चाचणी-ध्वनीत माणूस चॅनेलचे नाव उच्चारतो, तो या कामाला सर्वांत भरवशाचा.

त्याच फेरीत ध्रुवताही पाहून घ्यावी. एका स्पीकरच्या दोन तारा उलट लागल्या तर त्याचा कोन, म्हणजे हलणारा शंकू, इतरांचे बाहेर ढकलताना आत ओढतो. दोघे मिळून वाजले की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि संगीत पातळ होते.

आणखी एक गोंधळ इथेच निस्तरायला हवा. एलएफई म्हणजे सबवूफर, आणि सबवूफर म्हणजे सगळा बेस, ही समजूत घरगुती होम थिएटरमधून आलेली आहे. घरी छोट्या स्पीकरांचा ८० हर्ट्झखालचा आवाज काढून सबवूफरला देतात, ते योग्यच आहे. चित्रपटगृहात मात्र पडद्यामागच्या तीन स्पीकरांनी आपापला खर्ज स्वतः वाजवायचा, ही परंपरा आहे. एलएफई हे वेगळे ध्वनिमुद्रित चॅनेल आहे. त्यात सुमारे १२० हर्ट्झखालचे स्फोट, गडगडाट एवढेच येते, आणि ते आपल्या पट्ट्यात पडद्याच्या चॅनेलपेक्षा १० डेसिबल वर वाजवायचे असते. साध्या ध्वनिपातळीच्या मीटरवर हा फरक पुरा १० दिसत नाही, कारण त्या चॅनेलचा पट्टा अरुंद आहे. त्यासाठी पट्टे सुटे दाखवणारा विश्लेषक लागतो. मीटरवर दहाचा फरक दिसेपर्यंत सबवूफर वाढवत गेले, की भिंती हादरतात आणि संवाद बुडतात.

क्रॉसओव्हरवर मात्र घाई करून चालणार नाही, कारण या साऱ्या अभ्यासाचा गाभा तिथे आहे.

एकच स्पीकर सगळे स्वर का वाजवू शकत नाही? पंधरा इंची कोन सुमारे ३८ सेंटिमीटरचा. ३००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ११ सेंटिमीटर. कोनापेक्षा तरंग लहान झाला की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो आणि कडेच्या खुर्च्यांना मिळत नाही. उलट हॉर्नमागचा डायफ्रॅम हलका असतो. तो वरचे स्वर स्वच्छ देतो आणि हॉर्न ते ठरल्या कोनात पसरवतो. पण त्याला फार हलता येत नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर डायफ्रॅमला चौपट अंतर हलावे लागते. म्हणून काम वाटून द्यावे लागते, आणि ही वाटणी करणारा तो क्रॉसओव्हर.

पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी बंधाऱ्याचे पाणी ज्याच्या त्याच्या वाट्याने सोडतो, तसे हे काम आहे. वाटणी दोन ठिकाणी करता येते. पहिली अ‍ॅम्प्लिफायरनंतर, स्पीकरच्या पेटीत बसवलेल्या जाड कॉइल आणि कपॅसिटरने. हा पॅसिव्ह क्रॉसओव्हर. यात मोठ्या प्रवाहाला आवर घालावा लागतो, काही ताकद उष्णतेत जाते, आणि नंतर बदल करायचा तर पेटी उघडावी लागते. दुसरी वाटणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, सिग्नल अजून क्षीण असताना. हा अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर. यात खालच्या आणि वरच्या पट्ट्यांना वेगळे अ‍ॅम्प्लिफायर लागतात, म्हणून खर्च वाढतो, पण वारंवारता, उतार, विलंब आणि पातळी यांतले प्रत्येक स्वतंत्र हातात राहते. आता हे सारे प्रोसेसरमधल्या आकड्यांनी होते. मधल्या चॅनेलला तरी अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर द्यावाच, मग डाव्या-उजव्याला पुढच्या वर्षी दिला तरी चालेल, असा माझा सल्ला राहील.

अ‍ॅक्टिव्हमध्ये एक काळजी घ्यावी. अ‍ॅम्प्लिफायर चालू होतानाचा धक्का थेट डायफ्रॅमवर जातो. जुने कारागीर हॉर्नच्या ड्रायव्हरला एक कपॅसिटर मालिकेत जोडून ठेवतात, ती पद्धत सोडू नये. ड्रायव्हर ८ ओहमचा आणि क्रॉसओव्हर ८०० हर्ट्झचा असेल तर ८० मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर सुमारे २५० हर्ट्झखालचे सारे अडवू लागतो आणि वरच्या आवाजाला फारसा धक्का लागत नाही. मात्र त्याने थोडी कला म्हणजे फेज सरकते, म्हणून पुढची मोजणी कपॅसिटर जोडलेला ठेवूनच करावी.

क्रॉसओव्हर कुठे ठेवावा? सिनेमाच्या दुपदरी स्पीकरांत तो ५०० ते १२०० हर्ट्झच्या दरम्यान असतो. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ होता आणि तेवढ्यात बोलणे नीट समजत असे. म्हणजे आपण सांधा टाकतो तो नेमका माणसाच्या बोलण्याच्या मधोमध. स्वरांचा ठोसपणा बराचसा वूफरकडे जातो, तर ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘काल’ आणि ‘खाल’ यांतला फरक करणारा श्वास हॉर्नकडे. दोघांचे एकमेकांशी जमले नाही तर एकाच माणसाचा आवाज दोन तोंडांतून आल्यासारखा वाटतो.

न जमण्याचे सर्वांत मोठे कारण वेळ. सुमारे २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. ५०० हर्ट्झची तरंगलांबी ६९ सेंटिमीटर. हॉर्नचा डायफ्रॅम वूफरच्या मागे ३४ सेंटिमीटरवर असेल, आणि लांब हॉर्नमध्ये तो सहज असतो, तर ५०० हर्ट्झला एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडतो आणि सांध्यावरच आवाज नाहीसा होतो. हॉलिवूडला हा धडा १९३० च्या दशकात मिळाला. त्या काळचे खर्जाचे भोंगे घड्या घातलेले, काही फूट लांब असत. एलिनॉर पॉवेल यांच्या टॅप नृत्यात पावलाचा ठोका दोनदा ऐकू येऊ लागला : आधी वरच्या भोंग्यातून टक, मग खालच्यातून. एमजीएम स्टुडिओत डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड यांनी खर्जाचा मार्ग आखूड करून नवी दुपदरी यंत्रणा बांधली. १९३६ साठीच्या ऑस्करमध्ये तिला तांत्रिक पुरस्कार मिळाला आणि पुढच्या सिनेमा-स्पीकरांचा साचा तिने घालून दिला. त्यांना सुतारकाम करावे लागले. आपल्याला प्रोसेसरमध्ये वूफरला एक मिलिसेकंदाचा विलंब देऊन तेच साधते.

दुसरे कारण उतार. १९७६ मध्ये सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी मांडलेला आणि त्यांचे सहकारी रस रायली यांच्याही नावाने ओळखला जाणारा २४ डेसिबल प्रतिसप्तक उतार आज बहुतेक प्रोसेसरांत मिळतो. यात सांध्याच्या वारंवारतेला दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली असतात आणि एका कलेत असल्यामुळे मिळून सपाट होतात. बटरवर्थ जातीचा २४ चा उतार निवडला तर दोन्ही बाजू ३ च डेसिबल खाली असतात आणि बेरीज ३ डेसिबल वर उचलली जाते. यादीत दोन्ही नावे शेजारीशेजारी असतात. चुकीच्या ओळीवर बोट पडले तर महिनोन्महिने आवाज बोजड येतो आणि कारण सापडत नाही.

जमले की नाही हे ओळखण्याची युक्ती सुंदर आहे. हॉर्नच्या तारा, किंवा प्रोसेसरमधली त्याची ध्रुवता, मुद्दाम उलटी करा. वेळ बरोबर लागली असेल तर सांध्याच्या वारंवारतेला खोल खड्डा दिसेल, २० डेसिबल किंवा त्याहून खोल. विलंब थोडा थोडा बदलत खड्डा सर्वांत खोल आणि दोन्हीकडे सारखा करा, मग ध्रुवता पुन्हा सुलट करा. ज्यांचे वाकडे असताना पूर्ण वजाबाकी होते, त्यांचे सरळ असताना बेरीजही पूर्ण होते.

इथे बाल्कनीचा विचार करावा, कारण आपल्याकडच्या जुन्या एकपडदा सभागृहांत ती असते आणि परदेशी पुस्तकांत तिची फारशी दखल नसते. वूफर आणि हॉर्न एकावर एक असतात. त्यांच्या मध्यांत ८० सेंटिमीटर अंतर धरा. खालच्या प्रेक्षकासाठी दोघांची वेळ जुळवली. बाल्कनीतला माणूस त्या रेषेच्या १५ अंश वर बसला असेल, तर त्याच्यासाठी दोन मार्गांत सुमारे २१ सेंटिमीटरचा फरक पुन्हा निर्माण होतो. क्रॉसओव्हर ५०० हर्ट्झला असेल तर त्याला सुमारे पावणेपाच डेसिबलचा तोटा होतो. तोच ८०० ला असेल तर २१ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा तरंग, आणि शब्दाच्या मधोमध भगदाड पडते. यावरून दोन गोष्टी ठरतात. ड्रायव्हरला झेपेल तितका क्रॉसओव्हर खाली ठेवावा. आणि मोजणीचा मायक्रोफोन खाली मधोमध एकाच जागी रोवून न बसता बाल्कनीतही न्यावा. जास्त तिकीट देऊन वर बसलेल्याला कमी ऐकू येते, ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते आणि तिचे उत्तर या आकड्यांत आहे.

यानंतर पातळ्या. पिंक नॉइज हा सर्व सप्तकांत सारखी ऊर्जा असलेला ध्वनी वाजवून पडद्याचे प्रत्येक चॅनेल ८५ डेसिबलला आणि प्रत्येक सराउंड ८२ ला लावतात, म्हणजे दोन्ही सराउंड मिळून ८५ होतात. सराउंडला विलंबही द्यावा लागतो. भिंतीवरचा स्पीकर तीन मीटरवर आणि पडदा पंधरा मीटरवर असेल तर भिंतीचा आवाज ३५ मिलिसेकंद आधी येतो, आणि आपला कान आधी आलेल्या दिशेलाच आवाजाचे घर मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात हा नियम तपासला. म्हणून ते ३५ आणि वर आणखी थोडे मिलिसेकंद सराउंडला मागे ठेवावे.

मे महिन्यात खानदेशात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हे विलंब पुन्हा लावावेत का, असा प्रश्न हमखास येतो. त्या उष्णतेत आवाजाचा वेग ३५८ मीटरच्या घरात जातो. पण ३५ मिलिसेकंदांचे साडेतेहतीस होतात, इतकाच फरक. तो सोडून द्यावा. उन्हाळ्याची चिंता अ‍ॅम्प्लिफायरच्या खोलीसाठी राखून ठेवावी. पत्र्याखालच्या बंद केबिनमध्ये अ‍ॅम्प्लिफायर तापून संरक्षणासाठी बंद पडतात, आणि स्पीकरच्या तांब्याच्या कॉइलचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढत जाऊन आवाज बसतो.

इक्वलायझरचे नाव इतक्या उशिरा घेतो आहे ते जाणूनबुजून. बहुतेकांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो. वेळेच्या चुकीमुळे पडलेला खड्डा इक्वलायझरने भरत नाही. तिथे ६ डेसिबल वाढवले की अ‍ॅम्प्लिफायरवर चौपट भार पडतो आणि दोन्ही ड्रायव्हर मिळून तेवढेच एकमेकांना खातात. आधी क्रम, मग ध्रुवता, मग क्रॉसओव्हर आणि विलंब, मग पातळी. इक्वलायझर सर्वांत शेवटी, आणि तोही शक्यतो कमी करण्यासाठी. चित्रपटगृहात त्याचे लक्ष्य एक्स-कर्व्ह असते, म्हणजे २००० हर्ट्झपर्यंत सपाट आणि पुढे दर सप्तकाला ३ डेसिबल उतार. हा उतार सपाट करून ‘ट्रेबल खुलवण्याचा’ मोह आवरावा. मिश्रण करणाऱ्याने त्याच उताराच्या खोलीत बसून कान लावलेला असतो.

खोलीबद्दल थोडे. वॉलेस सबाइन यांनी १८९० च्या दशकात हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात गाद्या आत-बाहेर करून घुमाऱ्याचे गणित बसवले. आजही तेच गणित चालते : खोली जितकी मोठी तितका घुमारा जास्त, शोषणारे जितके जास्त तितका कमी. सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रा असलेल्या सभागृहात टाळी वाजवून ऐका. फडफडत परत आली तर समोरासमोरच्या भिंतींवर काम करायला हवे. घुमारा एका सेकंदाच्या आत यावा. कापूस इथे मुबलक आहे आणि तो आवाज उत्तम शोषतोही, पण प्रक्रिया न केलेला कापूस सभागृहाच्या भिंतीत कधीही भरू नये. ठिणगीला तो पुरतो. कापडाखाली ग्लासवूल किंवा रॉकवूल हाच मार्ग. पडद्यामागची रिकामी पोकळीही विसरू नये. स्पीकरचा मागे गेलेला आवाज तिथे घुमून पडद्याच्या छिद्रांतून उशिराने पुढे येतो.

मग चित्रपट सुरू होतो आणि फेडरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या खुंटीचा, प्रश्न येतो. ध्वनिमिश्रण फेडर ७ वर ठेवून केलेले असते. प्रत्यक्षात जाहिराती आणि ट्रेलर मोठ्याने वाजतात, कुणी तक्रार करते, ऑपरेटर फेडर ५ वर आणतो आणि तो तिथेच राहतो. मुख्य चित्रपटातले हळू बोललेले संवाद पंख्यांच्या आवाजाखाली जातात. गाणे आले की फेडर पुन्हा वर. ऑपरेटरला दोष देण्याआधी त्याची खोली पाहावी. जाड काचेमागे, प्रोजेक्टरच्या पंख्याशेजारी बसून त्याला सभागृहाचा आवाज कळणार कसा? प्रत्येक खेळाला त्याने पाच मिनिटे खाली येऊन मागच्या रांगेत उभे राहावे, अशी सोय मालकाने करून दिली पाहिजे. जाहिरातींसाठी वेगळी पातळी आधीच नोंदवून ठेवणे आता बहुतेक प्रणालींत शक्य आहे.

या क्षेत्रात खानदेशासाठी करण्यासारखे एक संशोधनही पडले आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. बेल प्रयोगशाळेने टेलिफोनसाठी वापरलेली जुनी पद्धत अशी होती : शब्दांची यादी वाचायची, ऐकणाऱ्याने ऐकले ते लिहायचे, आणि किती बरोबर आले ते मोजायचे. हीच कसोटी सभागृहात लावावी. महाप्राण आणि अल्पप्राण, ‘स’ आणि ‘श’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांच्या जोड्या असलेली मराठी आणि हिंदी शब्दांची यादी करावी, ती मधल्या चॅनेलवरून वाजवावी, आणि अहिराणी बोलणारे वेगवेगळ्या वयाचे श्रोते पुढे, मागे, कडेला, बाल्कनीत बसवून लिहायला सांगावे. क्रॉसओव्हर बदलण्यापूर्वी एकदा आणि बदलल्यावर एकदा. कोणत्या खुर्चीवर कोणते व्यंजन हरवते याचा नकाशा हाती आला की इक्वलायझरच्या पडद्यावरची रेघ पाहून जे कळत नाही ते कळते. तालुक्याच्या महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे आणि मराठीचे विद्यार्थी एकत्र येऊन एका सत्रात हे करू शकतील. भाषेचा अभ्यास आणि यंत्राचा अभ्यास इतके जवळ आणणारे विषय थोडे आहेत.

सुरुवात करणाऱ्याने पहिल्या दिवशी मधले चॅनेल सोडून बाकी सारी बंद करावीत आणि संवादाचा एक ओळखीचा तुकडा तेवढ्यावरच ऐकत प्रत्येक रांगेतून फिरावे. त्या एका स्पीकरवर समाधान होईपर्यंत दुसरे उघडू नये. काम झाल्यावर प्रत्येक चॅनेलचा क्रॉसओव्हर, उताराचे नाव, विलंब, ध्रुवता, अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंट्यांची जागा आणि मोजणीच्या वेळी मायक्रोफोन कुठे होता, हे तारखेसह कागदावर लिहून तो रॅकच्या दाराला आतून चिकटवावा. वीज जाऊन प्रोसेसर कोरा झाला, किंवा नवा माणूस कामाला आला, तर त्या कागदावरून सगळे त्याच दिवशी पुन्हा लावता येते.